हरण्याचं तोंड

औषधाच्या दुकानातल्या माणसानं गुडघ्याच्या मलमाची नळी कागदात गुंडाळता गुंडाळता हेमकांतच्या डाव्या खांद्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "भाऊ, शर्टले रगत लागेल शे." हेमकांतनं मान वाकडी करून पाहिलं. खांद्यावर तळहाताएवढा वाळलेला डाग होता, फेसाचा, आणि त्याची कड गुलाबी होती. "मिरचीनं पानी व्हई," तो म्हणाला. डिसेंबरातल्या नंदुरबारात हे उत्तर कुणालाही पटण्यासारखं होतं. गावाबाहेर वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथाऱ्या पडलेल्या असतात, शेतंच्या शेतं लाल होतात, वारा फिरला की सगळं गाव एकदम खोकतं, आणि माणसाच्या अंगावर लाल काही दिसलं तर त्याचं कारण कुणी विचारत नाही. दुकानदारालाही पटलं. हेमकांत मात्र मलमाची पुडी खिशात घालून बाहेर आला आणि मोटारसायकलला किल्ली न लावता तसाच बसून राहिला. मिरचीचं पाणी असं फेसात येत नाही हे त्याला ठाऊक होतं. काम संपलं की हरण्या त्याच्या डाव्या खांद्यावर तोंड घासतो, रोज. आज सकाळीही घासलं होतं, आणि तो त्याच्या मानेवर थाप मारून घरी गेला होता, जेवला होता, तासभर पडला होता, आणि हा डाग खांद्यावर घेऊन भर बाजारातून आला होता. इतक्या वेळात आपल्याला दिसलं कसं नाही, याचं त्याला नवल वाटलं नाही. अलीकडं बरंच काही दिसत नव्हतं. एकसष्ट वर्षांचं शरीर सकाळी उठतानाच अर्धं संपलेलं असायचं, आणि उरलेलं अर्धं दिवसभर पुरवायचं एवढंच काम राहिलं होतं.

तो घोडदळातून निवृत्त झालेला स्वारीचा शिक्षक. गाव तापीकाठचं, जात गुजरांची, भाऊबंद सगळे केळी-कापसात; हा एकटाच विसाव्या वर्षी घोड्यांकडं गेला आणि घोड्यांवरच म्हातारा झाला. गेली तीन वर्षं तो लालचंद शेठजींच्या मैदानावर येत होता. शेठजी मिरचीचे व्यापारी, आजोबा मारवाडातून आलेले. घोड्यातलं त्यांना काही कळत नसे, पण त्यांची नात नेहल बारा वर्षांची असताना एका लग्नातल्या घोडीवर बसली ती उतरायलाच तयार होईना, आणि तिथून हे सगळं वाढत गेलं. आता ती वीस वर्षांची होती, कॉलेजात जात होती आणि अडथळ्यांवरून उड्या मारणारी जिल्ह्यातली बहुधा एकुलती एक मुलगी होती. हरण्या तिचा घोडा. पुण्याकडं शर्यतीत पळून निकामी ठरवलेला, सात वर्षांचा, कुमेत, म्हणजे गडद तांबड्या रंगाचा, छाती नगाऱ्यासारखी. उडी अशी की खाली पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. पण अडथळा समोर दिसला की त्याच्या अंगात दुसरंच कुणी शिरायचं. डोळ्यांतलं पांढरं दिसू लागे, मान लाकडासारखी ताठ होई, आणि मग नेहल वर आहे की नाही याचं त्याला भान राहत नसे. रविवारी सारंगखेड्याच्या यात्रेत उड्यांची स्पर्धा होती. आज गुरुवार. सोमवारी हरण्या तिला घेऊन कुंपणापर्यंत पळाला होता, आणि मंगळवारी सकाळी हेमकांतनं त्याच्या तोंडातलं साधं लोखंड काढून दांड्याचा लगाम चढवला होता. या लगामाला दोन्ही बाजूंना वीतभर दांडे असतात आणि हनुवटीखाली साखळी. वर बसणाऱ्यानं बोटभर ओढलं की आत ते चौपट होऊन पोचतं. मंगळवारी हरण्या थांबला. बुधवारी थांबला. शेठजी म्हणाले, आते कसा माणसात उना. नेहल काही बोलली नव्हती.

मोटारसायकल त्यानं घराकडं न नेता तळोदा रस्त्यावरच्या मैदानाकडं वळवली. पागेत दोधू होता. तोरणमाळच्या पायथ्याचा, हेमकांतच्याच वयाचा, घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार, कमी बोलणारा. "याचं तोंड उघाडीसन देखनं शे," हेमकांत म्हणाला, आणि दोधूनं काही न विचारता हरण्याच्या कानामागं हात घातला. घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये हिरडीची बोटभर मोकळी जागा असते. देवानं ती लगामासाठी ठेवलीय असं जुने स्वार म्हणत, आणि हेमकांतनंही हे वाक्य शेकडो पोरांना शिकवलं होतं. त्या जागेत त्यानं अंगठा घातला. हरण्या शहारला. उजव्या बाजूला कातडी सोलवटली होती, आणि हनुवटीखाली साखळीच्या जागी केस उडून लाल पट्टा उमटला होता. पण दोधू आणखी आत पाहत होता. "सायेब, यानी जीभ देखा. कितली जाडी शे. लोखंड ठेवाले जागाच नही तठे." खरंच नव्हती. जीभ दोन्ही बाजूंनी दाढांपर्यंत भरलेली, वर टाळू बुटका, आणि जिभेच्या मध्यावर आडवा, जुना, पांढरा पडलेला वण. शर्यतीत जीभ मागं जाऊ नये म्हणून काही लोक ती फडक्यानं खालच्या जबड्याला बांधतात. कुणीतरी फार घट्ट बांधली असेल. म्हणजे मंगळवारच्या आधीचं ते साधं लोखंडही साधं नव्हतं. त्याला मध्ये एकच सांधा होता, आणि दोन्ही वाद्या ओढल्या की ते मध्ये दुमडून वर टाळूत टोचायचं आणि खाली त्या वणाला चिमटा घ्यायचं. घोडा पळायचा तो अडथळ्याकडं नव्हे, तोंडापासून पळायचा. तीन वर्षं. हेमकांतनं घोड्याचे खूर पाहिले होते, पाठ पाहिली होती, डोळ्यांत पाणी आलं तर मिरची म्हणून पुसलं होतं. तोंड उघडून इतकं आत पाहिलं नव्हतं. त्याला एकाएकी फार थकल्यासारखं झालं आणि तो गवताच्या भाऱ्यावर बसला.

सरलाबाई, त्याची बायको, म्हणायची की नाशिकनंतर हा माणूस घोड्याकडं पाहतच नाही, फक्त घोड्याला धरतो. नाशिकचं नाव घरात एवढ्यापुरतंच निघायचं. अकरा वर्षं झाली. तेव्हा धीरज एकोणीस वर्षांचा होता, त्यांचा एकुलता मुलगा, आणि घोड्यावर असा बसायचा की खोगीर नसलं तरी चालावं. घोडीचं नाव मेघा. तीही अशीच, तापट, अंगात बळ मावत नसलेली. नाशिकच्या स्पर्धेत हेमकांतनं तिच्या तोंडात रबराचं मऊ लोखंड घातलं होतं. तिसऱ्या अडथळ्यानंतर ती सुटली आणि पुढच्या दुहेरी अडथळ्यात छातीवर शिरली. धीरजची मांडी आणि कंबर तिच्याखाली आली. आता धीरज सुरतेला एका कापडाच्या कारखान्यात यंत्रांवर देखरेख करतो, उजवा पाय दीड इंच आखूड आहे, बुटाला जाड तळ लावतो, दिवाळीला येतो, रविवारी फोन करतो, आईची गोळी संपली का विचारतो. घोड्याबद्दल तो बोलत नाही, आणि हेमकांतही. ज्यांनी ज्यांनी तेव्हा विचारलं त्यांना हेमकांतनं सांगितलं, लगाम हलका पडला. दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगितलं, भाऊबंदांना सांगितलं, सरलाबाईला सांगितलं. लगाम हलका पडला. हे इतक्या वेळा सांगून झालं होतं की आता त्याला चवही उरली नव्हती. त्या वर्षानंतर त्याच्या पेटीत एकेक जड लोखंड जमत गेलं: दांड्याचं, तारा पिळलेलं, एक तर काटेरी, जे त्यानं कधी वापरलं नाही पण टाकलंही नाही. तापट घोडा आला की तो पेटी उघडायचा. त्याला अनुभव म्हणत. लांबून लोक येत, हेमकांत सरांना विचारून लगाम ठरवत.

नेहल कॉलेजातून आली तेव्हा तो हरण्याच्या ओठाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सुतळी धरून मापाच्या गाठी मारत होता. तिनं वही खाली ठेवली, घोड्याचा ओठ उचलून पाहिला. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "मग बोलली का नाहीस?" "तुम्ही घातला होता, सर." यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मग ती म्हणाली, "लोखंड काढूनच टाकूया का? नुसत्या नाकावरच्या पट्ट्यावर चालवणारे असतात." हेमकांतनं नकारार्थी मान हलवली. नुसत्या नाकावर हा घोडा धरायला तीन महिने लागतील, तीन दिवसांत नाही, आणि यात्रेत भोंगे, पाळणे, हजार माणसं. "हा थांबला पाहिजे," तो म्हणाला. "दुखून नाही, पण थांबला पाहिजे." हे बोलताना त्याला आपलाच आवाज अनोळखी वाटला. पेटीच्या तळाशी एक लोखंड होतं, घोडदळातल्या एका साहेबानं जाताना दिलेलं: दोन सांध्यांचं, मधोमध तांब्याची चपटी गोटी. ते दुमडत नाही, जिभेवर वाकून बसतं, टाळूला लागत नाही. सुतळीच्या गाठींशी लावून पाहिलं. रुंदी बरोबर होती, दोन्हीकडं करंगळीएवढी जागा राहत होती. "तोंड बरं होऊ दे. शुक्रवारी कुणी बसायचं नाही. शनिवारी बघू. जखम भरली नसली तर रविवारी जायचं नाही," तो म्हणाला. दोधूनं तोंड धुवायला गरम पाण्यात मीठ घातलं.

शुक्रवारी संध्याकाळी लालचंद शेठजी आले. पांढरं धोतर सावरत पागेच्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत. घोड्याच्या वासानं त्यांना शिंका येत. "हेमकांतभाऊ, मी ऐकं, तुम्ही लगाम बदली ऱ्हायनात." हेमकांतनं सांगायला सुरुवात केली, जीभ, वण, टाळू. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, उन्हाळ्यात गाईंसाठी हौद भरून ठेवणारे होते. "घोडानं तोंड जाऊ द्या," ते शेवटी म्हणाले. "पोरले काही व्हवाले नको. मन्ही एकच नात शे. तुम्हले तर मी सांगाले नको." तुम्हाला तर मी सांगायला नको. हेमकांतला त्या वाक्याचा रोख कळला. धीरजला शेठजी ओळखत होते, बुटाचा जाड तळ त्यांनी पाहिला होता. तो म्हणाला, "दांडाना लगामबी संगे लई येस. दोन्ही ऱ्हातीन." शेठजींना तेवढं पुरलं. हेमकांतला मात्र परत जाताना असं वाटत राहिलं की आपण हो म्हणालो की नाही म्हणालो हे आपल्यालाच नीट ऐकू आलेलं नाही.

शनिवारी सोलवटलेली जागा भरून आली होती. दोन सांध्यांचं लोखंड तोंडात गेलं तसा हरण्या ते चघळत राहिला, जिभेनं चाचपत राहिला, खूप वेळ, नवं गाव पाहावं तसं. ओठांना पांढरा फेस आला, नुसता पांढरा. नेहलनं त्याला चालवलं, दुडक्या चालीनं नेलं, दौडत नेलं. मान खाली आली होती. हेमकांत मैदानाच्या मधोमध उभा होता, गुडघा ठणकत होता, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला वाटलं की आज आपण इथं नसतो तरी चाललं असतं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही. पहिला अडथळा, दुसरा. तिसऱ्याकडं वळताना घोडा जरा पुढं झाला, दोन पावलं लांब पडली, बस एवढंच, आणि हेमकांतच्या तोंडून शब्द गेला, "खेच!" नेहलनं खेचलं. हरण्यानं डोकं वर फेकलं, अडथळा त्याच्या नजरेतून गेला, पुढचे पाय अडथळ्याच्या आडव्या दांड्यात अडकले, दांडा कडकन खाली आला आणि घोडा गुडघ्यांवर जाऊन पुन्हा उठला. नेहल मानेवर लोंबकळली, पण पडली नाही. धूळ बसली. हेमकांत मात्र तिथं नव्हता. तो शब्द त्यानं ऐकला होता, याच उंचीवर, याच आवाजात, नाशिकच्या मैदानाच्या कठड्याला धरून. खेच. मेघा सुटली नव्हती. ती दोन पावलं पुढं झाली होती, बस एवढंच. तो ओरडला, आणि धीरजनं बापाचं ऐकलं, आणि घोडीचं डोकं वर गेलं, आणि तिला पुढचा अडथळा दिसलाच नाही. हे त्याला नव्यानं आठवलं असं नाही. ते कायम तिथंच होतं, घरातल्या बंद खोलीसारखं. येता-जाता तो त्या दारावरून हात फिरवत गेला होता आणि भिंत आहे असं म्हणत आला होता. "सर, बरं वाटत नाही का?" नेहल खाली उतरून विचारत होती. "तो खेचतो म्हणून मी खेचते की मी खेचते म्हणून तो खेचतो, मला आता काही कळत नाही." "तू चांगली बसली होतीस," तो म्हणाला. "मी ओरडायला नको होतं." तिनं त्याच्याकडं जरा चमकून पाहिलं. तीन वर्षांत असं काही तो बोलला नव्हता.

रविवारी तापीवरून गार वारा येत होता आणि यात्रेचे भोंगे एकमेकांवर चढत होते. कुठं जिलेबी तळत होते, कुठं मौत का कुआँमधली मोटारसायकल घरघरत होती, आणि बाजारातल्या शेकडो घोड्यांचा वास साऱ्या नदीकाठावर पसरला होता. हरण्याला हे सगळं एकदम सोसेना. तयारीच्या जागेत तो आडवा चालू लागला, घामानं काळा झाला, दोनदा मागच्या पायांवर उभा राहिला. लालचंद शेठजी दोरीपलीकडं होते. ते हेमकांतच्या हातातल्या पिशवीकडं पाहत राहिले. नेहल घोडा घेऊन जवळ आली. चेहरा उतरला होता. "सर, तुम्ही म्हणाल तो घालू." तिच्याआधी अजून दोन स्वार व्हायचे होते; बदलायला वेळ होता. हेमकांतनं पिशवीत हात घातला. दांड्याची साखळी गार होती, ओळखीची होती, आणि हाताला ती लागताच त्याला किती सुटल्यासारखं वाटलं हे पाहून त्याला स्वतःची शरम वाटली. हा लगाम घातला आणि काही झालं तर कुणी म्हणणार नाही की लगाम हलका पडला. त्यानं वर पाहिलं. "हात दाखव," तो म्हणाला. तिनं हातमोजा काढला. बोटं थरथरत होती. त्यानं ती क्षणभर आपल्या हातात धरली. आयुष्यभर तो घोड्याचं बळ मोजून लगाम ठरवत आला होता. हा हात असा थरथरणार, पुढचा अडथळा येईल तसा आणखी थरथरणार. दांड्याच्या टोकाला त्यातली प्रत्येक थरथर चौपट होऊन त्या जाड, वण पडलेल्या जिभेवर आदळणार. दोन सांध्यांच्या लोखंडात ती थरथर नुसती थरथर राहील. "आहे तोच असू दे," तो म्हणाला. "आणि ऐक. तो पुढं झाला तर होऊ दे. तू मागं बस आणि श्वास सोड. मी काही बोलणार नाही." शेठजींनी हे ऐकलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

ती आत गेली. दहा अडथळे. हेमकांत कठड्याशी उभा राहिला, दोन्ही हात लाकडावर. पहिले तीन गेले. चौथ्याकडं वळताना हरण्यानं तिला ओढलं, दोन पावलं, तीन पावलं, आणि हेमकांतच्या छातीतून तो शब्द उठून गळ्यापर्यंत आला. त्यानं दात मिटले. जबडा दुखेपर्यंत मिटले. तिचे खांदे मागं गेलेले त्याला दिसले, कोपर सैल पडलेलं दिसलं, घोड्याचा एक कान मागं वळला, जणू वर कुणी आहे का हे विचारायला, आणि चौथी उडी गेली, जरा लांबून, जरा धसमुसळी, पण गेली. सातव्यावर मागचा खूर लागून दांडा पडला. नवव्यावर तो पुन्हा ओढायला लागला आणि तिनं पुन्हा सोडून दिलं. पाचवा नंबर आला. शेठजींनी कुणाला तरी फोन लावून पाचवी, पाचवी, असं दोनदा सांगितलं आणि मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. नेहल घोड्याच्या मानेवर पालथी पडून राहिली होती, उतरल्यावर ती हेमकांतला म्हणाली, "तुम्ही खरंच काही बोलला नाहीत." दोधूनं हरण्याचा ओठ उचलला, आत पाहिलं, आणि मान डोलावली. बरं आहे.

दुपारी ऊन कलल्यावर हेमकांत नदीच्या बाजूला एका बैलगाडीच्या जुवावर बसला आणि त्यानं सुरतेला फोन लावला. रविवारचा फोन नेहमी तिकडून यायचा. मागं यंत्रांची खडखड होती. "आबा? आई बरी शे ना?" "बरी शे. आज तूबी कामवर?" "कोनी तरी रजावर शे, त्यानी बदली शे." यापुढं काही बोलायची दोघांनाही सवय नव्हती. हेमकांतनं नदीकडं पाहत, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं सांगितलं. "नाशिकले लगाम हलका पडेल नव्हता, धीरज. मी खोटं सांगं सगळासले. मी कठडावरतून तुले 'खेच' म्हनीसन वरडनू. तू खेचं, म्हनीसन तिनं डोकं वर गयं." यंत्रांची खडखड चालू होती. फोन लागलेला आहे का हे त्यानं कानापासून दूर धरून पाहिलं. "तुम्ही वरडनात?" धीरजनं विचारलं. "हां." "माले काहीच ऐकू उनं नही, आबा. तठे वारा व्हता, भोंगा चालू व्हता." "मंग तू कसाले खेचं?" "मी घाबरी गऊ." आणि मग, "माणूस घाबरना की खेचसच."

पोरगा खरं बोलतोय की बापाला सोडवतोय, हे हेमकांतला कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायचं बळही नव्हतं. अकरा वर्षं त्यानं वर एक खोटं आणि त्याच्याखाली एक खरं वाहिलं, आणि आता तेही आपलं नव्हतं असं कुणी सांगतंय. हात रिकामे झाल्यावर ते कुठं ठेवायचे असतात हे माणूस विसरतो, तसं त्याचं झालं. गुडघा ठणकत होता. नदीवरून घोड्यांना पाणी पाजून आणत होते. "आज घोडा पळाडा का कोनी?" धीरज विचारत होता. इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा घोडा हा शब्द उच्चारला होता. "शेठनी नात," हेमकांत म्हणाला. "तापट घोडा शे. जीभ जाडी." "मंग टाकं काय तोंडमा?" "दोन सांधानं." "मधली गोटी कशानी?" "तांबानी." "तांबं बरं," धीरज म्हणाला. "लाळ येस. घोडा चावस त्याले, मन लागस त्यानं." मग तो म्हणाला, "थांबा आबा, अठे आवाज शे. मी बाहेर जास. कसा उड्या मारस ते नीट सांगा." यंत्रांची खडखड हळूहळू मागं पडत गेली आणि तिच्यातून पावलं वेगळी ऐकू येऊ लागली, लोखंडी जिन्यावरून उतरणारी, एक जड, एक हलकं, एक जड, एक हलकं. घरात ती सरलाबाईच्या भांड्यांच्या आवाजात बुडायची, किंवा तो बुडू द्यायचा. हेमकांत फोन कानाला घट्ट धरून ती ऐकत बसला. जिना बराच मोठा असावा.